आगगाडीची ओसरी

जुनें घर पाडून नवें बांधावयाचें ठरलें, म्हणजे कुटुंबांत प्रथम खोल्यांचा हिशेब सुरू होतो. वडील मंडळींना एक खोली, थोरल्या मुलाला एक, स्वयंपाकघर, न्हाणीघर, देवघरासाठीं एखादा कोनाडा. हिशेब पुरा होतो, जागा संपते, आणि मग कोणाच्या तरी लक्षांत येतें कीं, ओसरी राहूनच गेली! ओसरीवर कोणाचें अंथरूण नव्हतें, कोणाची पेटी नव्हती. म्हणून ती कोणाच्याच यादींत आली नाहीं. पण आल्यागेल्याची विचारपूस, मुलांचे पाढे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तंट्याची समजूत, हें सारें तेथेंच होत असे. ओसरीची किंमत ती गेल्यावर कळते.

आगगाडीलाहि अशी ओसरी असते. उतारू जेथें केवळ आपल्या आसनाचा धनी न राहतां चार माणसांत येऊन बसतो, ती जागा म्हणजे गाडीची ओसरी. कोठें तो भोजनाचा डबा असतो, कोठें मोठमोठ्या खिडक्यांचा बैठकीचा डबा, तर कोठें रोजच्या सोबत्यांनीं भरून जाणारा साधा दुसऱ्या वर्गाचा डबा. असे कित्येक डबे आज जगभर म्हातारे झाले आहेत. ते मोडींत काढावे लागणार, यांत शंका नाहीं. त्यांच्या जागीं काय यावयाचें, हा खरा प्रश्न आहे. आणि आपल्या पालघर-बोईसरच्या मार्गावर तो नुकताच प्रत्यक्ष येऊन गेला आहे.

राणीचे दोन मजले

मुंबई सेंट्रल आणि सुरत यांच्या दरम्यान धांवणारी, पालघरला थांबणारी फ्लाइंग राणी ही फार जुनी गाडी. तिचें नांव १९०६ सालचें. बलसाड, म्हणजे आजचें वलसाड, येथील तत्कालीन जिल्हा सुपरिंटेंडेंटच्या पत्नीनें तें ठेविलें, असें रेल्वेकडून सांगण्यांत येतें. मध्यंतरीं ती बंदहि पडली. १ मे १९३७ रोजीं समारंभपूर्वक पुन्हां सुरू झाली. पण आजच्या पिढीला ती आठवते ती १८ डिसेंबर १९७९ पासूनच्या रूपांत; कारण त्या दिवशीं तिला दुमजली डबे लागले.

या डब्यांत शिरतांच समोर दोन जिने दिसत. कांहीं पायऱ्या उतरून खालीं जावें, नाहीं तर कांहीं पायऱ्या चढून वर. खालीं बसलेल्या मुलाला फलाटावरील माणसांचे पाय तेवढे दिसत आणि त्यांतच तो रमून जाई. वर बसणाराला वैतरणेचें विस्तीर्ण पात्र आणि सफाळ्याचे डोंगर दिसत. उन्हाळ्यांत वरचा मजला तापे, खालच्या मजल्यावर धूळ येई. सुखसोयींच्या दृष्टीनें हे डबे कांहीं थोर नव्हते. तथापि एकाच डब्याच्या लांबींत ते नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक माणसें बसवीत, हा त्यांचा मोठा गुण होता.

या गुणाचें मोल कळण्यासाठीं या मुलखाची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. तारापूरची अणुवीज १९६९ सालीं सुरू झाली. बोईसरभोंवतीं औद्योगिक वसाहत वाढली. कामासाठीं मुंबईकडे जाणारे आणि मुंबईकडून येणारे, असे दोन्ही बाजूंचे लोंढे सुरू झाले. पण विरारच्या पलीकडे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या पोंचल्या त्या एप्रिल २०१३ मध्यें. पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. तोंपर्यंत वैतरणेच्या उत्तरेकडील नोकरदार, विद्यार्थी आणि रुग्ण पॅसेंजर, शटल व लांब पल्ल्याच्या गाड्या यांच्यावरच विसंबून होते.

सकाळीं सुरतेकडून मुंबईस येणारी आणि संध्याकाळीं परत जाणारी राणी अशा लोकांची झाली नसती तरच नवल! रोज तेच सोबती, तोच कोपरा. कोणाच्या मुलीचें लग्न कोठें जमतें आहे, कोणाच्या आईला कोणत्या डॉक्टराकडे न्यावें, कोणत्या कारखान्यांत जागा निघाली आहे, याची चर्चा अशा डब्यांत होते. दसऱ्याला झेंडूच्या माळा लावून डबा सजवावा, ही तर मुंबईच्या आसपासच्या रोजच्या उतारूंची रीतच आहे. घर आणि कचेरी यांच्यामधले हे तास माणसाच्या आयुष्यांतून वजा होत नाहींत. त्यांतलें कांहीं ओसरीच्या खातीं जमा होतें.

लोखंडालाहि वार्धक्य आहे

जुलै २०२३ मध्यें राणीचे दुमजली डबे काढून त्यांच्या जागीं नव्या पद्धतीचे एकमजली डबे जोडण्यांत आले. ४३ वर्षांहून अधिक काळ चाललेला दुमजली संसार आटोपला. पुष्कळांना हळहळ वाटली, आणि ती रास्त होती. परंतु हळहळ एकीकडे ठेवून कारणें पाहिलीं पाहिजेत.

जुने डबे मद्रासजवळच्या पेरांबूर येथील कारखान्याच्या परंपरेंतले. तो कारखाना १९५५ सालीं स्विस धाटणीचे डबे बांधूं लागला आणि त्यानें देशाची मोठी सेवा केली. त्या डब्यांचे सांधे स्क्रूचे व बाजूच्या दट्ट्यांचे. टक्कर झाली म्हणजे एक डबा दुसऱ्यावर चढण्याचें भय मोठें. जर्मन धाटणीचे नवे एलएचबी डबे २००० सालापासून आपल्याकडे आले आणि पुढें कपुरथळा येथें बांधले जाऊं लागले. त्यांची काया गंज न चढणाऱ्या पोलादाची, ब्रेक चकतीचे, सांधा मधोमध व घट्ट. त्यामुळें ते सहसा एकमेकांवर चढत नाहींत. पेरांबूरनें जुन्या धाटणीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्यें बाहेर काढला. ज्या वस्तूची घडणच थांबली, तिचे सुटे भाग किती दिवस मिळणार?

शिवाय जिना तरुणाला गंमतीचा, पण सत्तरीच्या आजोबांना आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईला तोच जाच. स्टेशनांत गाडी थांबते थोडा वेळ, आणि चढ-उतर होते ती अरुंद पायऱ्यांवरून. जपानांतहि दुमजली शिंकान्सेन गाड्यांची शेवटची जात ऑक्टोबर २०२१ मध्यें निवृत्त झाली. तेव्हां मुलाबाळांना ज्या गाडींत बसवावयाचें, ती नव्या डब्यांचीच असावी, असें कोणीहि सुज्ञ गृहस्थ म्हणेल. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, लोखंड बदलतांना ओसरीचा विचार झाला पाहिजे.

दोन प्रकारचे निरोप

अमेरिकेंत सिअॅटल ते लॉस एंजेलिस या लांबच्या गाडीला बैठकीचे कांहीं सुरेख डबे जोडलेले असत. ते १९५६ सालीं दुसऱ्याच एका गाडीसाठीं बांधलेले. साठ वर्षें उलटल्यावर त्यांची दुरुस्ती परवडेना आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें ते काढून टाकले गेले. त्या देशांतील दुमजली सुपरलायनर डबे मात्र अजून धांवतात. छतापर्यंत कांचा असलेले बैठकीचे डबे त्यांच्यांतच मोडतात. या जातीचे पहिले डबे रुळांवर आले १९७९ सालीं, म्हणजे आपल्या राणीच्या दुमजली डब्यांच्याच वर्षीं. आतां त्यांच्या जागीं काय आणावें, याचा खल तिकडे चालू आहे.

जपानच्या वेगवान गाड्यांत एके काळीं भोजनाचे डबे होते. १९८५ सालच्या गाडींत तर तो डबा दुमजली असून वर बसून जेवतां येई. मार्च २००० मध्यें हे भोजनाचे डबे संपले. प्रवासाचा वेळ घटला, आसनांची मागणी वाढली, आणि ओसरीची खोली झाली. मुंबई-अहमदाबाद वेगवान मार्गावर बोईसरलाहि स्टेशन होणार असल्यामुळें ही हकीगत पालघरकरांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां दुसरें चित्र पाहा. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली दख्खनची राणी आरंभीं केवळ वरच्या वर्गांची गाडी होती. तिच्या डब्यांच्या चौकटी विलायतेच्या आणि वरचें काम माटुंग्याच्या कारखान्यांतलें. सामान्य माणसाला, म्हणजे तिसऱ्या वर्गाला, तिच्यांत प्रवेश मिळाला तो १९५५ सालीं. १९६६ मध्यें तिचे मूळ डबे जाऊन पेरांबूरचे आले. जून २०२२ मध्यें तेहि जाऊन नव्या धाटणीचे आले. म्हणजे लोखंड दोनदां बदललें. पण टेबलाशीं बसून खाण्याचा तिचा डबा राहिला. जुन्या डब्यांत ३२ माणसें बसत. नव्यांत ४० बसतात.

हें कसें झालें? दरवर्षीं १ जूनला या गाडीचा वाढदिवस साजरा करणारे उतारू तिच्यामागें उभे होते. भोजनाचा डबा म्हणजे राणीचें अर्धें राणीपण, हें सर्वांच्या मनांत ठसलेलें होतें. त्यामुळें नव्या गाडीचा नकाशा काढतांना तो डबा यादींत आला. ज्या ओसरीविषयीं घरांतलीं माणसें बोलतात, ती नकाशांत उतरते.

आक्षेप आणि उत्तर

येथें व्यवहारी वाचक म्हणेल, "पालघरला गाडींत उभें राहावयास जागा मिळत नाहीं, आणि तुम्ही बैठकीच्या डब्याच्या गोष्टी सांगतां!" आक्षेप खरा आहे. फलाटाची लांबी ठरलेली, म्हणून डब्यांची संख्या ठरलेली. एक डबा बैठकीला दिला, तर त्यांत बसूं शकणारीं माणसें दाराशीं लोंबकळत उभीं राहणार. ज्या घरांत निजावयास जागा नाहीं, तेथें ओसरीचा हट्ट धरणें हा अविचार होय.

याला उत्तर दोन प्रकारचें आहे. पहिलें असें कीं, ओसरी म्हणजे सबंध डबाच पाहिजे असें नाहीं. जून २०१८ मध्यें कोइमतूर आणि बंगळूर यांच्यामध्यें सुरू झालेल्या उदय गाडीचे डबे दुमजली, वातानुकूलित व नव्याच धाटणीचे आहेत, आणि त्यांतील कांहीं डब्यांत बसून खाण्यासाठीं लहानशी जागा राखलेली आहे. म्हणजे नवी बांधणी, दोन मजले आणि बैठक या तीन गोष्टी एकत्र नांदूं शकतात. एका डब्याच्या टोकाला चार टेबलें, धरावयास दांडे, पिण्याचें पाणी आणि वृद्धांसाठीं दोन जागा, एवढ्यानेंहि काम भागेल.

दुसरें उत्तर काळाचें. विरार ते डहाणू या भागांत आणखी दोन रूळ टाकण्याचें काम हातीं घेतलेलें आहे. ते झाले आणि उपनगरी गाड्या वाढल्या, म्हणजे रोजच्या उतारूंचा मोठा भार त्यांच्यावर जाईल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना श्वास घेतां येईल. त्या दिवसासाठीं विचार आजच करावा लागतो. कारण नव्या डब्याचें आयुष्य साधारण ३५ वर्षें धरतात. २०२३ मध्यें आलेला डबा २०५८ पर्यंत चालावयाचा. त्या वर्षीं दहा वर्षांचा असलेला मुलगा तोंवर पंचेचाळिशीचा होईल. म्हणून पुढच्या खेपेचे डबे ठरतांनाच या गोष्टीची दखल घेतली गेली पाहिजे. एकदां डबे तयार झाल्यावर केलेली विनंति उशिराचीच ठरते.

आणखी एक विसंगति मौजेची आहे. ऑक्टोबर २०२१ मध्यें मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर एका निवृत्त डब्याचें उपाहारगृह करण्यांत आलें, आणि ही कल्पना अन्यत्रहि पसरली. डबा वाया गेला नाहीं, हें चांगलेंच झालें. पण न चालणाऱ्या डब्यांत टेबल-खुर्ची आणि चालणाऱ्या गाडींत मात्र मांडीवर पुडकें, असें होऊं नये. निवृत्त डब्यांचा उपयोग करावयाचाच, तर पालघरसारख्या स्टेशनाच्या आवारांत एखाद्या डब्याचें वाचनालय करावें. शेवटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तेथें दिव्याखालीं बसतां येईल.

ओसरीची शिस्त

आतां थोडें आपल्याकडेहि पाहूं. ओसरी सर्वांची, म्हणूनच तिला शिस्त हवी. रुमाल टाकून जागा अडविणें, पत्त्यांचा डाव मांडून नवख्या माणसाला उभें ठेवणें, मोठ्यानें बोलून झोपलेल्या मुलाला उठविणें, हे प्रकार रोजच्या उतारूंच्या कंपूंत होत नाहींत असें कोण म्हणेल? कधींतरी एकदांच प्रवास करणारी एखादी बाई अशा कंपूसमोर बिचकून उभी राहते, तेव्हां ती ओसरी राहत नाहीं. ती कोणाची तरी खाजगी बैठक होते. रेल्वेकडे हक्कानें मागणें करावयाचें, तर मिळालेली जागा सर्वांना मोकळी ठेवण्याची तयारीहि हवी.

मागणें करण्याचे मार्ग आहेत. रेल्वेच्या उतारूंसाठीं विभागीय सल्लागार समित्या असतात. प्रवासी संघ, महिला मंडळें, ग्रंथालयें आणि नागरिक संस्था यांनीं त्यांच्याकडे लेखी सूचना धाडाव्या. गाडीचे डबे बदलण्यापूर्वीं नवा नकाशा लोकांपुढें ठेवावा. वृद्ध, स्त्रिया व रोजचे उतारू यांचें म्हणणें ऐकावें. आणि तीन तासांहून लांबच्या प्रत्येक गाडींत लहानशी का होईना, पण बैठकीची जागा असावी, एवढें मागणें वाजवी आहे. ज्यांच्या घरीं रोज पास काढणारें माणूस आहे, त्यांनीं या सुट्टींत एकत्र बसून असें एक पत्र लिहावें. त्यांत घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची अडचण प्रथम लिहावी आणि सर्वांत लहान मुलाची हौस शेवटीं. मधलें सारें आपोआप सुचेल.