मानवतहून कादंबरी धाडताना
मराठीत साहित्य-एजंटाचा धंदा फारसा रुजलाच नाही. लेखक-प्रकाशक व्यवहार थेट. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) पुण्याच्या रा. ज. देशमुखांच्या आग्रहातून आली. असा प्रकाशक मानवतसारख्या छोट्या गावी बसून भेटणं कठीण, म्हणून आधी एक-दोन पानी गोषवारा संपादकाकडे पाठवावा. शेवट लपवू नये. उत्कंठा मलपृष्ठासाठी ठेवा. संपादकाला कथानक कुठं पोचतं ते कळायला हवं. मुख्य पात्र, त्याची अडचण, निर्णायक वळणं पुरेत. उपकथानकं गाळा. कादंबरीत कापसाच्या आडतीवरची बोली असेल तर ती गोषवाऱ्यात कोंबू नका, ती सोबतच्या नमुना प्रकरणातच खुलते. इंग्रजी अनुवादासाठी एजंट गाठायचा तर गोषवारा इंग्रजीतच लागतो. मूळ हस्तलिखित मात्र कुणालाच देऊ नका, झेरॉक्स पाठवा.