जुन्या लष्करी मालमोटारीस वायुइंधन

पंचवटीतून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि शहराच्या दुसऱ्या अंगास देवळालीचे तोफखाना विद्यालय आहे. तेव्हा लष्कराने मोडीत काढलेली मालमोटार द्रवीभूत पेट्रोलियम वायूवर चालवावी, हा विचार येथे सहज सुचण्याजोगा आहे. येथे पहिला प्रश्न इंजिनाच्या जातीचा होय. ‘शक्तिमान’ डिझेलवर चालणारी; तीत ठिणगीची योजनाच नसल्याने तिचा विचार सोडलेला बरा. जबलपूरच्या एकटनी निसानचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल-इंजिन मात्र या कामी योग्य ठरते.

वायूचा ऑक्टेन-अंक शंभराहून अधिक असतो हे खरे; परंतु जुन्या इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर अल्प असल्याने त्या गुणाचा लाभ फारसा मिळत नाही. शिवाय एक लिटर द्रववायूतील उष्णता पेट्रोलच्या सुमारे तीन-चतुर्थांश. खरी अडचण निराळीच आहे. शिसेयुक्त पेट्रोल निष्कासक झडपांच्या बैठकींवर संरक्षक थर देत असे. वायू कोरडा जळतो, आणि बिडाची बैठक भाराखाली झिजून झडप आत रुतते. म्हणून कठीण पोलादाची कडी बसविल्यावाचून हे रूपांतर अपुरेच समजावे.

भारतात हे इंधन वाहनांसाठी २००१ पासून नियमानुसार वापरता येते. घरगुती सिलिंडर जोडणे मात्र निषिद्ध आहे. टाकी ऐंशी टक्क्यांवर भरत नाहीत, कारण द्रव उष्णतेने प्रसरण पावतो. गळलेला वायू हवेहून जड असल्याने खाली साचतो. सबब दुरुस्तीच्या खड्ड्यावर अशी गाडी उभी करू नये.