कणा शोधा, पाय मोजा

चार-पाच वर्षांची मुले प्राण्यांच्या चित्रांचे गट पाडताना बहुधा रंग, आकार किंवा राहण्याची जागा पाहतात. हे गट चुकीचे ठरवू नयेत. एकच निकष शेवटपर्यंत धरून ठेवणे ही वर्गीकरणाची पहिली पायरी आहे. त्याच चित्रांचे दुसऱ्या निकषाने पुन्हा गट करून घेतले, की निकषाबरोबर गटही बदलतात हे मुलांना आपसूक उमगते.

यानंतर शरीररचनेकडे वळावे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी व सस्तन असे पाच वर्ग शाळेत शिकवतात. खरे शिकणे घडते ते कोड्यात टाकणाऱ्या प्राण्यांमुळे. वटवाघूळ उडते, पण त्याच्या अंगावर केस असतात आणि मादी पिल्लाला दूध पाजते, म्हणून ते सस्तन. देवमासाही सस्तनच, कार्ल लिनियसने १७५८ मध्ये त्याला माशांमधून काढून सस्तनांत ठेवले. कोकणातले खवले मांजर खवलेधारी असूनही सरीसृप नाही. पाल व बेडूक यांतला फरक त्वचेवरून कळतो: पालीची कोरडी व खवलेदार, बेडकाची ओलसर.

कणा नसलेल्या प्राण्यांना मात्र फार थोडा वेळ मिळतो, हे खटकणारे आहे. ज्ञात प्राणिजातींपैकी ९० टक्क्यांहून अधिक अपृष्ठवंशीच आहेत, आणि ते घराच्या कोपऱ्यातही सापडतात. सुरुवातीला पाय मोजणे पुरते. मुंगी आणि झुरळ सहा पायांचे, म्हणून कीटक; कोळ्याला आठ पाय, म्हणून तो कीटक नव्हे. असे प्राणी भिंगातून पाहावेत आणि होते तिथेच सोडावेत.