चौकातील पाटी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागात न्यू मेक्सिको नावाचे एक राज्य आहे. आल्बुकर्की हे त्या राज्यातील सर्वांत मोठे शहर होय. रिओ ग्रांडे नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर ते वसलेले आहे. इ. स. १७०६ मध्ये स्पॅनिश लोकांनी त्याची स्थापना केली. २०२० च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या साडेपाच लाखांहून अधिक भरली. शहराच्या पूर्वेस सांदिया पर्वताची जणू भिंतच उभी आहे. हवा कोरडी, पाऊस बेताचा आणि आकाश वर्षातील बहुतेक दिवस निरभ्र. परंतु हिवाळ्यात सूर्य मावळला की थंडी इतकी वाढते की उघड्यावर ठेवलेले पाणी गोठून जाते. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कारण ज्यांच्याविषयी हा पाठ आहे, त्यांपैकी कित्येकांना अशा रात्री उघड्यावरच काढाव्या लागत.

अमेरिका हा श्रीमंत देश. तेथे बेघर माणसे कोठून आली, असे तुम्हांला वाटेल. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नाही. कोणाची नोकरी सुटते आणि दोन-तीन महिन्यांचे घरभाडे थकते; कोणाला दीर्घ आजार जडतो; कोणी मनाच्या विकाराने ग्रासलेला असतो, कोणी व्यसनाने; कोणी सैन्यातून परतलेला असतो आणि त्याची घडी पुन्हा बसलेली नसते. एकदा घर सुटले की बाकीच्या गोष्टीही एकामागून एक सुटत जातात. नोकरी मागावयास जावे, तर मालक पत्ता विचारतो. पत्ता नाही. ओळखपत्र मागतो, तेही पदपथावर झोपताना चोरीस गेलेले असते. अंघोळीस जागा नाही, कपडे धुण्यास पाणी नाही. अशा माणसास कामावर कोण ठेवणार? मग तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन शब्द लिहितो आणि रहदारीच्या चौकात, मोटारी थांबतात त्या जागी, ती पाटी धरून उभा राहतो.

आल्बुकर्कीच्या चौकांत अशी माणसे पुष्कळ दिसत. २००९ साली रिचर्ड बेरी हे गृहस्थ शहराचे महापौर म्हणून निवडून आले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडील महानगरपालिकेत प्रत्यक्ष कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. आल्बुकर्कीस तसे नाही. तेथे महापौराला लोक थेट निवडतात आणि नगराचा कारभार तोच हाकतो. बेरी हे पूर्वी बांधकामाच्या धंद्यात होते. महापौर झाल्यावर शहरातून जाता-येता चौकांतील या माणसांशी थांबून बोलण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. भीक मागत उभे राहणे आम्हांलाही नको आहे, पण दुसरीकडे जावे कोठे हे कळत नाही, असे पुष्कळ जण त्यांना सांगत. २०१५ साली एका माणसाच्या हातातील पाटी त्यांच्या दृष्टीस पडली. आपणांस काम हवे आहे, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर होते.

भिक्षेकऱ्यांचा प्रश्न आला की नगरपालिका बहुधा शिपाई पाठवते आणि दंडाची भीती घालते. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याला दंड करून काय साधते, हे समजणे कठीण आहे. बेरी यांनी त्या पाटीवरील शब्द खरे मानून पाहावयाचे ठरवले. काम हवे आहे ना, तर मग काम द्यावे.

आणि शहरात कामाला तोटा नव्हता. आल्बुकर्कीमध्ये ‘आरोयो’ म्हणजे कोरडे ओढे पुष्कळ आहेत. वर्षातील बहुतेक काळ त्यांत थेंबभरही पाणी नसते. वाऱ्याने उडालेले कागद, प्लॅस्टिकच्या पिशव्या, डबे-बाटल्या आणि सुकलेली झुडपे त्यांत साचत जातात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वळवासारख्या जोरदार सरी कोसळतात, तेव्हा हेच ओढे क्षणात दुथडी भरून वाहू लागतात आणि साचलेला केर थेट रिओ ग्रांडे नदीत नेऊन टाकतात. म्हणून रस्त्याकडेचा केर वेळीच उचलणे हे केवळ शोभेचे काम नव्हे. नदी निर्मळ राखण्याचेही ते काम आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये योजनेस प्रारंभ झाला. तिचे नाव ‘देअर्स अ बेटर वे’, म्हणजे ‘याहून चांगला मार्ग आहे’. योजना अगदी साधी होती. सकाळी एक मोटारगाडी शहरातून फेरी मारी. चौकात पाटी धरून उभा असलेला कोणी दिसला की चालक गाडी थांबवी आणि त्याला विचारी, “आज काम करणार का?” जबरदस्ती मुळीच नव्हती. जो हो म्हणेल तो गाडीत बसे. सुमारे दहा माणसे झाली की गाडी ठरलेल्या जागी जाई. तेथे सर्वांनी केर वेचावयाचा, तण उपटावयाचे, पिशव्या भरावयाच्या. दुपारी जेवण मिळे. दिवसाच्या अखेरीस मजुरी त्याच दिवशी हाती पडे. मजुरीचा दर तासाला ९ डॉलर होता. शहराने त्या साली ठरवलेली किमान मजुरी ८.७५ डॉलर होती. म्हणजे हा दर तीहून थोडा अधिकच होता. काम संपल्यावर ज्याला रात्रीच्या निवाऱ्याची गरज असेल त्याला त्याची सोय सांगितली जाई.

मजुरी त्याच दिवशी देण्याला मोठे महत्त्व आहे. महिनाअखेरीस मिळणारा पगार आपणांस स्वाभाविक वाटतो. पण ज्याला आज रात्री काय खावे याची विवंचना आहे, त्याने तीस दिवस वाट कशी पाहावी? शिवाय बँकेत त्याचे खाते नसते. चौकात उभे राहिल्यावर चार पैसे लगेच हाती येतात. त्याच्याशी बरोबरी करावयाची तर कामाचे पैसेही लगेच आले पाहिजेत, हे योजना आखणाऱ्यांनी नेमके ओळखले होते.

तथापि हे सारे शहराने एकट्याने केले नाही. सेंट मार्टिन्स ही तेथील एक सेवाभावी संस्था. बेघर लोकांना दिवसा बसावयास जागा, जेवण, अंघोळीची सोय आणि टपाल येण्यासाठी एक पत्ता देण्याचे काम ती करीत असे. शहराने या संस्थेशी करार केला. पैसा शहराने द्यावयाचा. माणसे गोळा करणे, त्यांना कामावर नेणे, मजुरी देणे आणि संध्याकाळी त्यांची विचारपूस करणे हे संस्थेने पाहावयाचे.

अशी विभागणी का करावी लागते? नगरपालिकेला एखादा माणूस नोकरीवर घ्यावयाचा म्हणजे अर्ज, दाखले, तपासणी, मंजुरी असे दहा सोपस्कार आले. पाटी धरून उभा असलेला माणूस त्यांतील पहिल्या पायरीवरच अडखळतो. शिवाय सरकारी गाडी समोर येऊन थांबली की तो बिचकतो. आजवर ती त्याला हुसकावण्यासाठीच आलेली असते. संस्थेची माणसे त्याच्या ओळखीची असतात. कालच त्यांनी त्याला जेवू घातलेले असते. उलट पक्षी, संस्थेजवळ पैसा थोडा. केर उचलण्याची यंत्रणा तिच्याजवळ नाही, सार्वजनिक जागेवर काम करण्याचा अधिकारही नाही. पांगळ्याला आंधळ्याने खांद्यावर घ्यावे आणि पांगळ्याने वाट दाखवावी, अशी आपल्याकडे गोष्ट आहे. या कराराचे स्वरूप पुष्कळसे तसेच होते.

शहराने आणखीही एक गोष्ट केली. मोठ्या चौकांत फलक लावले. मदत हवी असणाऱ्याने कोणता दूरध्वनी फिरवावा, हे त्यांवर लिहिले होते. आणि ज्याला दान द्यावयाचे असेल त्याने ते संस्थेकडे कसे पाठवावे, हेही लिहिले होते. मोटारीच्या खिडकीतून दिलेल्या नाण्यापेक्षा त्या दानाचा उपयोग अधिक होईल, अशी कल्पना.

आरंभी गाडी आठवड्यातून दोन दिवस निघे. पुढे ती चार दिवस निघू लागली. पहिल्या वर्षाच्या आतच या योजनेतून ९३२ वेळा एकेका दिवसाचे काम दिले गेले. शहराच्या १९६ गल्ल्यांच्या चौरसांतून ६९,६०१ पौंड, म्हणजे सुमारे साडेएकतीस टन केर आणि तण उचलले गेले. भागाकार करून पाहिल्यास एका माणसाने एका दिवसात सरासरी ३४ किलोच्या आसपास केर उचलला, असे दिसेल. कागद व पिशव्या वजनाला किती हलक्या असतात हे लक्षात घेतले म्हणजे ही कमाई लहान वाटणार नाही. शंभरांहून अधिक माणसांना या वाटेने पुढे कायमची नोकरी मिळाली.

आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. ९३२ हा माणसांचा आकडा नव्हे, तो दिवसांच्या कामांचा आहे. एकच माणूस दोन-तीन वेळा गाडीत बसला असेल, तर तो तितक्या वेळा मोजला गेला. वृत्तपत्रांतील मोठे आकडे पाहताना ही काळजी नेहमी घेतलेली बरी.

योजनेचे कौतुक देशभर झाले आणि इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहराने २०१६ च्या नोव्हेंबरात, एका सेवाभावी संस्थेच्या साहाय्याने, अशीच रोजच्या कामाची योजना सुरू केली. पण आक्षेपही निघाले, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. गाडीत जागा दहा. शहरात बेघर माणसे शेकड्यांनी. ज्याला जागा मिळाली नाही त्याने काय करावे? जो म्हातारा आहे, ज्याचे पाय सुजले आहेत, ज्याचे मन ठिकाणावर नाही, त्याला केर वेचावयास कसे सांगावे? आणि सर्वांत मोठा प्रश्न असा की, दिवसभर राबून एखाद्याने चाळीस-पन्नास डॉलर मिळवले, तरी रात्री तो निजणार कोठे? घर भाड्याने घ्यावयाचे तर पहिल्या महिन्याचे भाडे आणि वर अनामत रक्कम आधी मोजावी लागते. कधी तरी एक दिवस मिळणाऱ्या कामातून ती साठत नाही. साठलीच, तर ठेवावी कोठे?

म्हणजे काम एकटे पुरत नाही. आल्बुकर्की शहराला हे ठाऊक होते. किंबहुना घरांची योजना तेथे कामाच्या योजनेच्या आधीच, २०११ साली, सुरू झाली होती. ‘हेडिंग होम’, म्हणजे ‘घराकडे’, असे तिचे नाव. जी माणसे दीर्घकाळ रस्त्यावर राहिली आहेत आणि आजारांमुळे ज्यांच्या जिवाला सर्वाधिक धोका आहे, त्यांना प्रथम शोधून काढावयाचे आणि भाड्याच्या घरात नेऊन ठेवावयाचे, हे तिचे काम. येथेही शहर, सेवाभावी संस्था आणि दवाखाने यांनी मिळून ओझे उचलले.

या पद्धतीमागे एक विचार आहे. पूर्वी असे मानीत की, बेघर माणसाने आधी व्यसन सोडावे, औषधोपचार घ्यावेत, काम मिळवावे आणि मग घराच्या योग्य ठरावे. १९९२ साली न्यूयॉर्क शहरात सॅम सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला. त्याचे म्हणणे असे की, घर हे बक्षीस नव्हे. ते पहिली पायरी आहे. दाराला कडी असलेली खोली मिळाल्यावाचून कोणाचा आजार बरा होणार आणि व्यसन सुटणार? कॅनडा देशाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून अधिक लोकांना सामील करून, या विचाराची कसोटी घेतली. ज्यांना आधी घर मिळाले ती माणसे इतरांपेक्षा पुष्कळ अधिक काळ घरात टिकून राहिली, असे तेथे दिसून आले. अर्थात घर मिळाले म्हणून सर्वांची व्यसने सुटली किंवा सर्वांना नोकरी लागली, असे मात्र झाले नाही. ते काम वेगळेच आणि सावकाशीचे.

पण फुकट घरे देणे शहराला परवडते कसे? न्यू मेक्सिको विद्यापीठातील संशोधकांनी याचा हिशेब मांडला. रस्त्यावर राहणारा माणूस शहराला काही फुकटात पडत नाही. तो थंडीत आजारी पडला की रुग्णवाहिका येते, इस्पितळातील खाट अडते. तो पकडला गेला की पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांचा खर्च होतो. संशोधकांनी प्रत्येक माणसामागे घर मिळण्यापूर्वीचा आणि मिळाल्यानंतरचा खर्च जमेस धरला. घराचे भाडे मिळवूनही नंतरचा खर्च सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. या हिशेबाने अनेकांना आश्चर्य वाटले. वस्तुतः गळके छप्पर वेळीच शाकारण्यापेक्षा दर पावसाळ्यात भिंती बांधून काढणे महाग पडते, हे कोणत्याही घरधन्याला ठाऊक असते.

घरे मात्र गाडीतील जागांप्रमाणेच मोजकी राहिली आणि चौकातील पाट्या नाहीशा झाल्या नाहीत. मग २०१७ च्या नोव्हेंबरात शहराने निराळीच वाट धरली. रस्त्यांमधील अरुंद दुभाजकांवर उभे राहण्यास आणि मोटारीतील माणसाशी वस्तूंची देवघेव करण्यास मनाई करणारा नियम करण्यात आला. अपघात टाळावेत, हे त्याचे कारण देण्यात आले. नागरिकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेच्या साहाय्याने काही लोक न्यायालयात गेले. रस्त्याकडेला उभे राहून आपली गरज लोकांना सांगणे हाही भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शहराला, अशा उभ्या राहण्याने व देवघेवीने अपघात होत असल्याचा समाधानकारक पुरावा देता आला नाही. २०१९ साली न्यायाधीशांनी हा नियम रद्द ठरवला. शहराने वर दाद मागितली. २०२१ साली अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला, आणि पाटी धरून चौकात उभे राहण्याचा त्या माणसांचा हक्क अबाधित राहिला.