वायफाय रुसते तेव्हा

ऑनलाइन बैठक ऐन रंगात आलेली असते आणि पडद्यावरचे चित्र गोठते. माउस हलत नाही, कळफलकावरचा कॅप्स लॉकचा दिवा उघडझाप करू लागतो. पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून उपाय उरत नाही आणि न साठवलेले काम वाया जाते. लिनक्स वापरणाऱ्यांवर असा प्रसंग क्वचितच येतो. पण आला, की संशयितांत वायफायचा ड्रायव्हरही असतो.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्रभाग यांच्यातला दुभाषा. एवढासा दुभाषा सगळा संगणक कसा बंद पाडतो? लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जगापुढे ठेवलेल्या लिनक्स कर्नलच्या रचनेत याचे उत्तर आहे. ब्राउझर कोसळला तर सहसा तेवढाच बंद होतो, कारण त्याची जागा आखून दिलेली असते. ड्रायव्हर मात्र कर्नलच्या आतच, त्याच्याच अधिकारांनी चालतो. त्याने मेमरीत भलतीकडे हात घातला, तर अडवणारे कोणी नसते. चूक आवाक्यातली असेल तर कर्नल तिची नोंद करून पुढे जातो. या नोंदीला ‘ऊप्स’ म्हणतात. सावरणे अशक्य झाले, की तो सगळेच थांबवतो. हा ‘पॅनिक’.

वायफायचे दुखणे आणखी गुंतागुंतीचे असते. या कार्डात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर फर्मवेअर चालते. ड्रायव्हर खुला असला तरी फर्मवेअर बहुधा बंदिस्तच असते. पूर्वी काही कंपन्या चिपची माहितीही देत नसत. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी स्वयंसेवकांच्या एका गटाने कंपनीच्या ड्रायव्हरचा अभ्यास करून टिपणे काढली आणि दुसऱ्या गटाने केवळ त्यांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. तो २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. कंपनीने स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये.

निदानाची रीत डॉक्टरांसारखीच असते. आधी इतिहास: बिघाड केव्हापासून, कोणत्या अपडेटनंतर? मग नोंदी. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने, नोंदी डिस्कवर साठवल्या जात असतील तर, मागच्या वेळचे कर्नलचे संदेश वाचता येतात. अखेरचे शब्द डिस्कवर पोहोचलेच नसतील, तर पडद्यावरील मजकुराचा मोबाइलने काढलेला फोटोही उपयोगी पडतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा संगणकात बसवलेले कार्ड कोणते आणि त्याला कोणता ड्रायव्हर लागला आहे, हे सांगते.

त्यानंतर सोपे उपाय, एका वेळी एकच. फर्मवेअरचे पॅकेज अद्ययावत करणे, वायफायची वीजबचत बंद करून पाहणे, सुरुवातीच्या मेनूतून जुने कर्नल निवडणे. जुन्यावर सगळे सुरळीत चालले, तर दोष नव्या बदलांत असल्याचा संशय बळावतो.

तो नेमका कोणता, हे ‘गिट बायसेक्ट’ने शोधता येते. बदलांच्या यादीच्या मध्यावरचे कर्नल चालवून पाहायचे. बिघडले तर दोष पहिल्या अर्ध्यात, नाही तर दुसऱ्या. दर खेपेस यादी निम्मी होते. त्यामुळे सोळा हजार बदलांतून एक हुडकायला साधारण चौदा चाचण्या पुरतात. अडचण एकच. बिघाड दोन दिवसांतून एकदा होत असेल, तर तासभर संगणक नीट चालला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे घाई केली, की भलत्याच बदलावर ठपका येतो.

म्हणून कार्डाचे नाव, कर्नलची आवृत्ती, पूर्ण नोंद आणि बिघाड पुन्हा घडवून आणण्याची रीत एवढे दिलेली तक्रार मोलाची ठरते. नव्या आवृत्तीने जुने चालते काम मोडू नये, असा कर्नलचा दंडकच आहे. एका वापरकर्त्याने चिकाटीने पकडलेला दोष दुरुस्त झाला, की तेच कार्ड वापरणाऱ्या इतर अनेकांचे संगणक गोठायचे थांबतात. बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसते.