चालू सर्व्हरवरची चाचणी

सॉफ्टवेअरची पारख : भाग ६

मागच्या भागात आपण प्रोग्रामच्या एकेका तुकड्याची चाचणी पाहिली. तुकडे सुटे सुटे बरोबर निघाले, तरी ते एकत्र नीट नांदतील याची खात्री नसते. यवतमाळच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. सोयाबीन पेरण्याआधी तो ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवतो आणि निदान ७० उगवले तर बियाणे पेरणीलायक धरतो. पण गोणपाटात पाऊस ओढ देत नाही. दाण्याची परीक्षा गोणपाटात होते, पिकाची शेतात. सॉफ्टवेअरचे शेत म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर. आलेली विनंती घेणे, माणसाची ओळख पटवणे, डेटाबेसशी बोलणे, उत्तर परत पाठवणे ही सगळी कामे तिथे होतात.

२०१७ च्या जूनमध्ये राज्याने शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइनच भरायचा होता, त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. यवतमाळसारख्या कापूस-सोयाबीनच्या, कर्जाने वाकलेल्या जिल्ह्यात त्या अर्जावर किती घरांचे डोळे लागले होते, ते निराळे सांगायला नको. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली आणि काही दिवसांतच याद्यांमधल्या चुका पुढे आल्या. एकाच आधार क्रमांकासमोर अनेक शेतकऱ्यांची नावे होती.

अशा चुकीसाठी चाचणी कशी लिहाल? एकाच आधार क्रमांकाचे दोन अर्ज पाठवा. दुसरा नाकारला गेला पाहिजे. सुट्या तुकड्यावर ही चाचणी घेतली, तर खऱ्या डेटाबेसच्या जागी नकली बसवावा लागतो आणि तो आपण पढवले तेवढेच बोलतो. दुहेरी नोंद अडवणारा नियम असतो खऱ्या डेटाबेसमध्ये. नोंद कायम करायची की मागे घ्यायची, हे सांभाळतो सर्व्हर. शिवाय डेटाबेसमध्ये तो नियम घालायचा राहिला असेल आणि पुसद व वणी इथून दोन अर्ज एकाच क्षणी आले, तर दोन्हींच्या वेळी ‘हा क्रमांक आधी नाही’ असेच उत्तर मिळू शकते आणि दोन्ही आत शिरतात. ही फट चालत्या सर्व्हरवरच उघडी पडते.

जावाच्या जगात यासाठी आर्क्विलियन नावाचे साधन आहे. त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१२ साली आली. वाइल्डफ्लाय, म्हणजे पूर्वीचा जेबॉस सर्व्हर, आधीच सुरू करून ठेवायचा. नेहमीच्या मांडणीत तो ८०८० या पोर्टवर लोकांच्या विनंत्या घेतो आणि ९९९० वर व्यवस्थापनाच्या सूचना. आर्क्विलियन चाचणी आणि तिला लागणारा मोजका कोड यांचे छोटे गाठोडे बांधते, ९९९० मधून सर्व्हरवर चढवते, चाचणी सर्व्हरच्या आतच चालवते, निकाल बाहेर आणते आणि गाठोडे उतरवते. सर्व्हर चालूच राहतो. तो दर वेळी बंद-चालू करण्याचा वेळ वाचतो, म्हणून प्रोग्रामर चाचणी टाळत नाही.

याच साधनाच्या दुसऱ्या पद्धतीत सर्व्हर सुरू करणे आणि शेवटी बंद करणे हे काम साधनच करते. त्या वेळी सर्व्हर आधीच चालू सापडला, तर काम थांबते आणि तसा संदेश पडद्यावर येतो. नवशिक्याला तो बिघाड वाटतो, पण तो पहारा आहे. समोरचा सर्व्हर कोणाचा, त्यावर काय चढवलेले आहे, हे साधनाला ठाऊक नसते. चालू सर्व्हरला जोडण्याची परवानगी मांडणीच्या फाइलमध्ये आपण स्वतः द्यावी लागते, आणि ती विचार करूनच द्यावी.

कारण चालता सर्व्हर मागचे विसरत नाही. काल चाचणीने घातलेला अर्ज डेटाबेसमध्ये राहिला, तर आज पहिलाच अर्ज नाकारला जाईल आणि धड असलेला प्रोग्राम नापास दिसेल. म्हणून प्रत्येक चाचणीने आपले उष्टे-खरकटे आपणच काढावे. दोघांनी एकाच सर्व्हरवर एकाच वेळी चाचण्या लावू नयेत. आणि लोक ज्यावर काम करतात, त्या सर्व्हरला हात लावू नये. चाचणीचा सर्व्हर वेगळा, डेटाबेस वेगळा. आवृत्ती आणि मांडणी मात्र खऱ्याबरहुकूम.

यवतमाळ आणि पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हे सारे एका संगणकावर करून पाहता येईल; वाइल्डफ्लाय आणि आर्क्विलियन दोन्ही फुकट मिळतात. त्यांनी ते करावेच. आज सातबारा, ई-पीक पाहणी असे सगळे सर्व्हरवरून चालते. चूक चाचणीत सापडली तर प्रोग्रामरची एक संध्याकाळ जाते. तीच सेवा केंद्राच्या खिडकीवर सापडली, तर ऐन हंगामात शेतकऱ्याचा दिवस बुडतो आणि त्याची भरपाई कोणी देत नाही.

पुढच्या भागात : शेवटच्या तारखेला सर्व्हर का बसतो आणि तो भार आधी कसा मोजायचा.