मालवणच्या किनाऱ्यावर धावताना पेस का घसरतो? आणि त्याचं टेन्शन का घेऊ नये?

समजा, मुंबईत रोज 5 किलोमीटर अर्ध्या तासात धावणारा एखादा चाकरमानी सुट्टीत गावी आलाय. सकाळी तो तारकर्लीच्या किनाऱ्यावर तेवढंच अंतर धावतो. दम दुप्पट लागतो आणि घड्याळ 37 मिनिटं दाखवतं. आता हा रन स्ट्राव्हावर टाकायचा की लपवायचा? समोर निळा समुद्र असतो, पण डोक्यात फक्त '37' फिरत राहतं.

अशा वेळी फिटनेस कमी झालाय असं वाटू शकतं. पण मुंबईच्या डांबरी रस्त्यावरचा आकडा आणि तारकर्लीच्या वाळूतला आकडा यांची तुलनाच होऊ शकत नाही.

वाळू किती दमवते?

1998 मध्ये 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी'मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार, टणक जमिनीच्या तुलनेत वाळूत त्याच वेगाने धावायला सुमारे 1.6 पट ऊर्जा लागते. चालण्यासाठी तर 2.1 ते 2.7 पट. कारण पाय टेकला की वाळू सरकते, त्यामुळे ढकलण्याची बरीचशी ताकद वाळू हलवण्यातच जाते.

त्यात भरती-ओहोटीची भर. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी 6 वाजता ओहोटी असेल, तर आठवड्याने त्याच वेळेला भरतीचं पाणी वर आलेलं असतं. ओहोटीला पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू धावायला मिळते. भरतीला वरच्या भुसभुशीत पुळणीत पाय रुतवत जावं लागतं. किनारा एकच, पण रस्ता रोज वेगळा.

तिसरं कारण हवा. कोकणातल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर नीट थंड होत नाही. परिणामी त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात.

मग मोजायचं काय?

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे 'टॉक टेस्ट'. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येत असतील, तर वेग आरामाचा आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर जोर जास्त लागतोय. यासाठी घड्याळ लागत नाही. आणि ही टेस्ट वाळूत, चढावर, उन्हात, कुठेही चालते.

आरोग्यासाठी वेगाचा ठरावीक आकडा गाठावा लागतो, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोमदार व्यायाम करायला सांगते. एक किलोमीटर किती मिनिटांत व्हावा, हे त्यात कुठेही नाही.

वेळेच्या मागे लागल्याने काय बिघडतं?

रोज कालच्यापेक्षा फास्ट धावायचं ठरवलं, की शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. नडगी, गुडघा, टाचेमागची शीर दुखायला लागते. स्पर्धेत उतरणारे धावपटूसुद्धा सरावातलं बरंचसं अंतर हळूच धावतात.

दुसरं नुकसान मनाचं. आकडा वाईट आला की धावणं फुकट गेल्यासारखं वाटतं. मग एक दिवस सुटतो, नंतर आठवडा आणि शेवटी बूट कोपऱ्यात जातात.

वेळ बाजूला ठेवणारे उपक्रम

2004 मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमधला 'ड्रीम रन' सगळ्यांना माहीत आहे. साधारण 6 किलोमीटरच्या या रनमध्ये नंबर काढले जात नाहीत. लोक वेशभूषा करून, फलक घेऊन, गप्पा मारत जातात.

त्याच वर्षी लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 धावपटूंच्या सहभागाने 'पार्करन' सुरू झालं. दर आठवड्याला, मोफत, 5 किलोमीटर. सुरुवातीच्या काळात तिथली सरासरी वेळ 22 मिनिटांच्या आसपास होती. पुढे ती 30 मिनिटांच्या वर गेली. आयोजकांना हे यश वाटतं, कारण याचा अर्थ हळू धावणारे आणि चालणारेही येऊ लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये तर पार्करनने वेबसाइटवरच्या वेगाच्या विक्रमांच्या याद्याच काढून टाकल्या. त्यावर टीकाही झाली. मात्र ज्याची त्याची वेळ आजही नोंदवली जाते.

किनाऱ्यावर धावताना काय लक्षात ठेवाल?

- ओहोटीची वेळ बघून निघा. ओली, घट्ट वाळू पायांना सोपी जाते.
- अंतर ठरवण्याऐवजी मिनिटं ठरवा. 15 मिनिटं जा, 15 मिनिटांत परत या.
- किनारा समुद्राकडे उतरता असतो. त्याच वाटेने परत आलात, तर दोन्ही पायांवर ताण सारखा येतो.
- अनवाणी धावायचं असेल, तर पहिल्यांदा पाचेक मिनिटंच धावा. शिंपले, गळ, काचा यांकडे लक्ष असू द्या.
- रापण ओढणं चालू असेल, तर दोर ओलांडू नका, वरून वळसा घाला.
- पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना रस्त्यावरच धावा.
- छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

वेळ मोजण्यात चूक काहीच नाही. कुणाला हाफ मॅरेथॉन दोन तासांत पूर्ण करायची असेल, तर घड्याळ लागणारच. पण तुलना करायची तर त्याच रस्त्यावरच्या, तशाच हवेतल्या स्वतःच्याच जुन्या वेळेशी करा.

बाकीच्या दिवशी एकच गोष्ट तपासा. परत आल्यावर उद्या पुन्हा जावंसं वाटतंय का? उत्तर 'हो' असेल, तर आजचा रन चांगला झाला, मग 30 मिनिटं लागलेली असोत की 37.